सकाळचाच कप्पा का भरलेला?

‘वडिलांना ३ महिन्यांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती, डावा हात अजून लुळा आहे. बोलतात नीट, पण विसराळू आणि हट्टी झालेत. सकाळच्या गोळ्या डबीत तशाच राहतात, रात्रीच्या मात्र घेतात. मेंदूला व्यायाम म्हणून मी रोज २० शब्दांची यादी पाठ करून घेतो, तर कागद भिरकावतात. सगळ्यात जवळचा थेरपिस्ट ५ तासांवर. भाऊ फिरकत नाही. मी एकट्याने किती ओढू?’ – थकलेला मुलगा

भावाचं तूर्त राहू द्या. गोळ्यांचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पत्रात कामाचं तेवढंच आहे.

डबी नेहमीसारखी आडवी असणार: डावीकडे सकाळ, मध्ये दुपार, उजवीकडे रात्र. विसराळू माणूस कधी सकाळची गोळी चुकवतो, कधी रात्रीची. रोज नेमका डावाच कप्पा भरलेला राहत असेल, तर तो विसराळूपणा नव्हे; डावीकडे त्यांचं लक्षच वळत नाही. डॉक्टर याला ‘नेग्लेक्ट’ म्हणतात. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यानंतर तो बऱ्याच जणांत दिसतो, डोळे चांगले असले तरी.

खात्री करून घ्या. कोरा कागद आडवा घ्या, त्यावर पेराएवढ्या ४० रेघा सगळीकडे विखरून काढा. चष्मा लावून बाबांना बसवा, कागद बरोबर समोर चिकटवा आणि प्रत्येक रेघेवर काट मारायला सांगा. घाई नको. डावीकडच्या रेघा तशाच ठेवून ते ‘झालं’ म्हणाले, तर उत्तर मिळालं. ते खोटं बोलत नाहीत. जे जाणवतच नाही ते राहिलं, हे तरी कसं कळावं? म्हणून तर तुमच्या ओरडण्याने ते चिडतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

गोळ्यांचं आजच बघा. डबी उभी फिरवा, सकाळ वर आणि रात्र खाली. काही दिवस गोळी हातावर ठेवून समोर घ्यायला लावा. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊ नका. किती चुकल्या ते डॉक्टरांना आजच कळवा आणि बीपी मोजून घ्या; या गोळ्या दुसरा झटका टाळण्यासाठी असतात.

आता पाठांतराचा जाच बंद. त्याऐवजी दोन बोटं रुंद लाल चिकटपट्टी आणा आणि टेबलाच्या डाव्या कडेला उभी लावा. जेवण असो, वाचन असो, सुरुवातीला एकच वाक्य: ‘बाबा, लाल पट्टी शोधा.’ ती सापडेपर्यंत थांबा. बोट दाखवू नका, मान धरून वळवू तर मुळीच नका. सापडली की तिथून उजवीकडे यायचं. वाचताना पानाच्या डाव्या समासात लाल रेघ ओढा. प्रत्येक ओळ तिथून सुरू. डावा हात थोडासा जरी हलत असेल, तर तोच पट्टीवर टेकवून ठेवायला सांगा.

‘डावीकडे बघा’ हे वाक्य मात्र फुकट जातं, कारण डावीकडे अजून काही आहे हेच त्यांना पटत नाही. पट्टी ही शोधण्याजोगी वस्तू आहे.

१५ मिनिटं, दिवसातून दोनदा, टीव्ही बंद करून. झटक्यानंतर मेंदू लवकर दमतो. दमला की चुका वाढतात आणि घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतात. टेबलावर जमलेलं दाराशी आपोआप जमत नाही, तेव्हा चौकटीला आणि आरशालाही पट्टी लावा. ते स्वतःहून शोधू लागले की बोलणं थांबवा, नुसती टिचकी वाजवा, मग तीही सोडा. बोलताना समोरून सुरुवात करा आणि बोलत बोलत त्यांच्या डावीकडे सरका. एकदम डावीकडून हाक मारलीत तर दचकतील. एकट्याने रस्ता ओलांडणं आणि गाडी चालवणं सध्या बंद. उठवताना डावा हात ओढू नका, खांदा निखळतो.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, पुढे मंदावतो, पण थांबत नाही. दर रविवारी रेघांचा नवा कागद द्या, तारीख घाला, जपून ठेवा. थेरपिस्टकडे एकदा जायचंच आहे. त्या वेळी हे कागद सोबत न्या, म्हणजे ५ तासांचा प्रवास वाया जाणार नाही.

पहिला कागद शोधत बसू नका. त्या २० शब्दांच्या यादीची मागची बाजू कोरीच असेल.