उजवा चालतो, डावा थंड

प्रश्न : माझ्या काकांची 1986 सालची राजदूत 350 तीन वर्षं शेडमध्ये उभी होती. गेल्या महिन्यात नवी बॅटरी आणि दोन नवे प्लग घालून चालू केली. आयडलिंगला फक्त उजवा सिलिंडर चालतो. रेस दिली की डावा मध्येच साथ देतो, पुन्हा जातो. गॅरेजवाले म्हणतात, बोअर गेलाय, म्हणजे सिलिंडर आतून झिजलाय, दोन्ही सिलिंडर उतरवावे लागतील. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : तूर्त हेडच्या एकाही नटाला पाना लावू देऊ नका. बोअर गेलाही असेल, पण ते इंजिन न खोलता कळतं. दोन्ही प्लग काढा, इग्निशन बंद ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि प्लगच्या भोकात लावलेल्या काँप्रेशन गेजचा (सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या मीटरचा) काटा वाढायचा थांबेपर्यंत किक मारा. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत दहा टक्क्यांच्या आत फरक असेल, तर डावा बंद पडण्याचं कारण बोअर नाही.

आरडीचं, म्हणजे या राजदूत 350चं, एक बरं आहे. तिला कार्बोरेटर दोन, पॉईंट (स्पार्कची वेळ साधणारा स्विच) दोन, कंडेन्सर (पॉईंटवरची ठिणगी दाबणारा) दोन, कॉईल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) दोन. म्हणजे बंद सिलिंडरच्या शेजारीच चालू नमुना बसलेला असतो. डावीकडचा संशय येईल तो भाग उजवीकडे लावायचा आणि दोष त्याच्याबरोबर जातो का ते बघायचं. नवे म्हणता ते प्लगसुद्धा आधी असेच अदलाबदल करा. नवा प्लग खराब निघालेला मी बऱ्याचदा पाहिलाय.

गाडी थंड असताना चालू करा, मिनिटभराने दोन्ही पाईपवर हेडजवळ पाण्याचे थेंब टाका. उजवीकडे चर्रकन वाफ होईल, डावीकडे थेंब तसाच ओघळेल. मग इंजिन बंद करून डावा प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर स्पार्क नाही किंवा कमजोर आहे. चालू इंजिनची प्लग कॅप ओढून बघायची सवय मात्र सोडा. झटका बसतो तो वेगळा, पण वाट न मिळालेला स्पार्क कॉईलचं इन्सुलेशन फोडतो.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय डाव्या कार्बोरेटरच्या पायलट जेटवर आहे. आयडलिंगला पेट्रोल तिथूनच येतं. तीन वर्षांत फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि खाली पिवळट चिकट थर राहतो. जेट उजेडाकडे धरा. त्याचं भोक केसाएवढं असतं आणि त्यातून उजेडाचा गोल ठिपका दिसला पाहिजे. नाही दिसला तर कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवा आणि हवा मारा. तार घालू नका, भोक मोठं होतं. एअर स्क्रू (आयडलिंगची हवा कमीजास्त करणारा) काढण्याआधी तो किती फेऱ्यांत बंद होतो ते मोजून लिहून ठेवा.

जेट स्वच्छ निघालं तर पॉईंटकडे वळा. डावीकडचं कव्हर काढा, पॉलिश पेपरने पॉईंट घासा, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) गॅप 0.35 मिमी ठेवा. गॅप बदलला की टायमिंगही (स्पार्क पडायची वेळ) बदलतं, तेही पुन्हा लावून घ्या. मग संध्याकाळच्या अंधारात इंजिन चालू ठेवून दोन्ही पॉईंट बघा. एकावर जाड निळी ठिणगी सतत उडत असेल तर त्याचा कंडेन्सर गेला. 1994 साली खंबाटकी घाटात माझ्या गाडीचा डावा असाच गेला होता. रस्त्याच्या कडेला मी कार्बोरेटर दोनदा खोलला. दरवेळी तेवढ्यात इंजिन थंड व्हायचं, गाडी दोन्हीवर चालायची आणि मैलभरात पुन्हा तेच. तापला की दगा देणारा कंडेन्सर होता तो. दिवस मावळल्यावर पॉईंटवरची ठिणगी दिसली, तेव्हा समजलं.

कॉईल तपासताना एक चूक हमखास होते. या इंजिनात दोन्ही पिस्टन अर्ध्या फेऱ्याच्या अंतराने वर येतात. नुसत्या प्लगच्या वायरी अदलाबदल केल्या तर दोन्हीकडे स्पार्क चुकीच्या वेळी पडेल. पॉईंटकडून कॉईलला येणाऱ्या बारीक वायरीही बरोबरच बदला. आता डाव्या पॉईंटवर उजवी कॉईल चालेल, पण स्पार्क डाव्या सिलिंडरलाच मिळेल. डावा जिवंत झाला आणि उजवा मेला, तर दोष कॉईल, वायर किंवा कॅपमध्ये. डावाच बंद राहिला तर पुन्हा पॉईंट, कंडेन्सर आणि त्यांचं वायरिंग.

एवढं करूनही डावा अडखळत असेल आणि रेस सोडल्यावर इंजिन लवकर खाली उतरत नसेल, तर क्रँकचं डावं ऑईल सील कडक होऊन हवा ओढत असेल. मग मात्र गाडी चालवू नका. हवा जास्त, पेट्रोल कमी, अशाने पिस्टनला भोक पडतं.

आणि हे सगळ्याच्या आधी करा. ऑईल पंपाची डावीकडे जाणारी नळी बघा. तीन वर्षांत तिच्यात हवा शिरली असेल तर डावा सुरू होताच कोरडा चालून जाम होईल. पंपाची हवा काढा. शिवाय पहिल्या टाकीत लिटरमागे 25 मिलि टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनचं ऑईल) मिसळा. धूर होईल, होऊ द्या.

दोन्ही बाजूंचे काँप्रेशनचे आकडे आणि डावा प्लग ओला निघाला की कोरडा, एवढं लिहून कळवा. काकांची गाडी आहे, तिचे मूळ सिलिंडर कारणाशिवाय बोअर मारायला (आतून कापून मोठे करायला) जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं.