तीन वर्षांची मुलगी पाळणाघरात अर्धाच डबा खाते. ताईंना मोबाइल दाखवून भरवायला सांगावे का?

अजिबात सांगू नका. अर्धा डबा परत आला म्हणजे मूल उपाशी राहिले, हे गणितच मला मान्य नाही. मी डोंबिवलीत पाळणाघर चालवते, त्यामुळे हा प्रश्न तिऱ्हाईतपणे वाचता आला नाही.

आमच्याकडील एका मुलाचे आजोबा संध्याकाळी त्याला न्यायला येत, तेव्हा दारातच डबा उघडून पाहत आणि चतकोर पोळी उरलेली दिसली की, “पैसे मोजतो ते नुसते सांभाळायचे का?” असे इतर पालकांदेखत विचारत. दुसऱ्या एका पाळणाघरात कार्टून लावून सगळे डबे संपवतात, हेही ऐकवत. प्रत्यक्षात तो मुलगा पेलाभर गोड दूध पिऊन येई, सोबत दिलेला बिस्किटांचा पुडा अकराच्या सुमारास मागे आणि मग बारा वाजता पानावर नुसता बसून राही. मी पुडा घेणे बंद केले, दूध दुपारच्या झोपेनंतर द्यायला लावले आणि त्याला इतर मुलांच्या पंगतीत बसवून स्वतःच्या हाताने जेवू दिले. पुढे तो लिंबू पिळलेली मुगाची उसळ मागून घेऊ लागला. त्यावर आजोबांचे म्हणणे एवढेच, की आता वय वाढले, म्हणून खातो.

दूध पोट भरते, पण त्यात लोह नगण्य असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा “दूध प्यायली ना, मग झाले” असे म्हणणाऱ्या सुशिक्षित घरांनी थोडा विचार करावा. अंगणवाडीच्या आहाराला आपण नाके मुरडतो, पण तिथे निदान मुलामागे किती ऊर्जा आणि किती प्रथिने द्यायची, हे प्रमाण ठरवून दिलेले आहे. आपल्या डब्यात जॅम-पोळी असते. त्याऐवजी डाळीचे धिरडे, उकडलेले अंडे किंवा दाण्याचे कूट घातलेली भाजी द्या. अख्खे शेंगदाणे मात्र नकोत, ते घशात अडकतात. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलीला ठरवू द्यावे. डबा रिकामा करून दाखवणे हे पाळणाघराचे काम नव्हे आणि कोणत्याही आजोबांनी ते आमच्यावर लादू नये.

अर्थात, वजन काही महिने वाढतच नसेल, घास गिळताना त्रास होत असेल किंवा मुलगी फिकट आणि मलूल दिसत असेल, तर माझे हे सारे बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या.