बामणघळ बघायची तर आधी तिथी, मग गाडीचं बुकिंग

तुमचा बेत असा दिसतोय: डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून भाड्याची कॅम्परव्हॅन, सोबत आईवडील आणि लहान मुलगी, गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळीतलं उसळतं पाणी बघायचं आणि जमलं तर गाडी समुद्रालाच लावून रात्र काढायची. वेळ कोणती धरू आणि गाडी कुठे लावू, हे दोन प्रश्न. गाडीचं नंतर बघू. आधी वेळ, कारण बहुतेकांची फजिती तिथेच होते.

शनिवार-रविवार बघून बुकिंग केलं असेल तर तारीख हलवता येते का ते आजच विचारा. उमामहेश्वराच्या देवळामागून डोंगराच्या कडेने खडकावर चालत गेलं की काळ्या कातळात एक अरुंद, खोल चीर लागते. तीच बामणघळ. ओहोटीला पोचलात तर तळाशी चुबकणारं पाणी आणि दगडाला चिकटलेल्या शिंपल्या दिसतील, आणि "एवढ्यासाठी आलो?" म्हणून माणसं तोंड पाडून परत फिरतात. भरतीने पाणी घळीच्या तोंडाशी चढलं की लाट आत घुसते. बाजूला पसरायला जागा नसते, मागून पुढची लाट रेटत असते, मग ती सरळ वर उडते. म्हणजे भरती पाणी उचलून देते, पण उडवायचं काम लाटेचं. नुसती भरती असून समुद्र सपाट असेल तरी खेळ फिका पडतो.

आता वेळ. आपल्याकडचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. तीच वेळ दिवसा आणि रात्रीही, कारण भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. हा हिशोब मुंबईला बरा बसतो; रत्नागिरीच्या किनाऱ्याला भरती त्याच्या थोडी आधीच लागते. अंदाजासाठी हे पुरे, पण निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातली किंवा चांगल्या अ‍ॅपवरची वेळ बघाच.

यात एक अडचण आहे. सूर्यास्ताच्या सुमाराला भरती हवी म्हणून अष्टमी धराल, तर तेव्हा भांग असतं, म्हणजे पाणी फारसं चढतच नाही. खरं उधाण अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, पण तेव्हा भरती ऐन दुपारची. आईवडिलांना त्या उन्हात कातळावर उभं करू नका. तुमच्यासाठी त्रयोदशी किंवा चतुर्दशी, शुद्ध असो वा वद्य. सकाळी न्याहारी उरकून आठच्या आत घळीजवळ पोचा आणि भरती पूर्ण होईपर्यंत थांबा. शेवटचा तासभर सगळ्यात चांगला.

डिसेंबरकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. तुम्ही रीलमध्ये पाहिलेला तो उंच फवारा पावसाळ्यातला असणार, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हाच्या समुद्राचा. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर रात्रीची भरती मोठी आणि दिवसाची लहान. पावसाळ्यात नेमकं उलट. म्हणून रात्री टॉर्च घेऊन जावं असा मोह कुणाला झाला तर त्याला गाडीत कोंडून ठेवा. अंधारात तिथे जाणं म्हणजे निव्वळ वेडेपणा.

दिवसाही काठाशी उभं राहायचं नाही. चार-पाच लाटा आत येऊन नुसत्या खळखळून जातात, माणूस सैलावतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. मग खडकाच्या पोटात 'धुम्म' असा आवाज होतो, घळीतून गार वारा तोंडावर येतो आणि लगेच पाणी. परतताना ते पांढरं फेसाळ पाणी चिरेतून इतक्या ओढीने खाली जातं की पाय सटकलेला माणूस हाती लागायचा नाही. ओला, शेवाळलेला काळपट कातळ सोडून कोरड्या भागातच थांबा आणि मुलीचा हात सोडू नका. इन्कॉइसने, म्हणजे समुद्राचे इशारे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, उंच लाटांचा इशारा दिला असेल तर त्या दिवशी हेदवीतल्याच दशभुजा गणपतीचं दर्शन घ्या आणि पुढे निघा.

गाडीचं थोडक्यात. वाळूत न्यायची नाही. ओहोटीला टणक वाटणारी वाळू जड गाडीचं चाक गिळते, मग भरती चढत असताना ट्रॅक्टर शोधत गावभर पळा. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण वाटेत तयार कॅरॅव्हॅन पार्क मिळेल या भरवशावर येऊ नका. वेळणेश्वरला एमटीडीसीचं निवासस्थान आहे, तिथे आधी फोन करून विचारा. नाहीतर मोठं आवार असलेलं घरगुती निवास बघा: दोन दिवसांचं जेवण त्यांच्याकडेच सांगितलंत तर गाडीला वीज आणि पाणी द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. सांडपाण्याची टाकी कुठे रिकामी करायची तेही त्यांनाच विचारा. माडाच्या आळ्यात साबणाचं पाणी ओतलंत तर पुढच्या कॅम्परव्हॅनवाल्याला दारात उभं करणार नाहीत.

पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, पुढे शृंगारतळी. डिझेल, भाजी, औषधं तिथेच भरून घ्या. तिथून किनाऱ्याकडे उतरणारे रस्ते अरुंद आहेत, दोन्ही अंगाला चिऱ्याचे गडगे आणि वर झावळ्या. टपावर एसी असेल तर गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवा. येताना किंवा जाताना दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीबोट घ्यायची असेल तर आधी त्यांना गाडीची लांबी सांगून विचारा, आणि पूर्ण ओहोटीची वेळ टाळा. तेव्हा जेटीचा उतार तीव्र होतो आणि लांब गाडीचं शेपूट घासतं. बहुतेक कॅम्परव्हॅनची सांडपाण्याची टाकी नेमकी तिथेच खाली असते.

तारखा ठरल्या की तिथीसकट इथे टाका, भरतीची वेळ काढून देतो.