चार मिनिटांत माळ?

अगं पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. 21 दिवस झाले, चार मंत्र करून बघितले, आत काहीच होत नाही, उलट जप करताना जास्तच चिडचिड होते म्हणतेस. वाचून हसू आलं, सॉरी, पण तुला नाही हसले, मी पण डिट्टो हेच केलं होतं. माझ्या वेळी तुझ्यासारखं जप मोजायचं ॲप नव्हतं एवढंच, बोटात घालायचा काउंटर होता, टिक टिक करणारा, आणि रात्री तो आकडा वहीत लिहायचे, कालच्यापेक्षा जास्त झाला की स्वतःवरच खूश. त्या वर्षात आमच्या घरात माझ्याइतकं वसवस करणारं दुसरं कोणी नव्हतं.

आधी एक साधं गणित बघ. चार मिनिटांत एक माळ होते म्हणतेस, म्हणजे 108 मणी आणि 240 सेकंद, एका मंत्राला सव्वादोन सेकंद. आणि मंत्र कुठला, तर श्रीराम जय राम जय जय राम, चांगला तेरा अक्षरी. सव्वादोन सेकंदांत तेरा अक्षरं म्हणजे गाडी सुटताना खिडकीतून निरोप सांगतात ना, तसं चाललंय तुझं. त्यात श्वास घ्यायला जागाच नाही मग शांत काय होणार.

आता असं करून बघ, श्वास सोडताना एक मंत्र, सावकाश, मग श्वास आपोआप आत येऊ दे, मग पुढचा मणी. मिनिटाला साधारण सहा होतात. माळेला 18 मिनिटं लागतात. हे सहा मी मनाने नाही सांगत बरं का. 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी 23 निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र असं दोन्ही म्हणायला लावून मोजलं होतं, दोन्हीत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी बसल्या बसल्या आपला बारा ते वीस असतो. रक्तदाब सांभाळणारी जी लय शरीरात चालू असते ती पण साधारण दहा सेकंदांचीच, त्यामुळे श्वास, नाडी आणि ती लय एकमेकांना धरून चालायला लागतात. धर्म वेगळे, भाषा वेगळी आणि श्वासाचा वेग तोच, मला तर हे वाचून भारीच वाटलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण मनातल्या मनात जे बोलत असतो ना, ‘ती असं का म्हणाली, मी तेव्हाच का नाही बोलले’ वगैरे, ते खरंच बोलणंच असतं, आणि तो आतला आवाज एकावेळी एकच गोष्ट नीट बोलू शकतो. मानसशास्त्रातला जुना प्रयोग आहे, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला की माणसाला शब्दांची यादी नीट लक्षात ठेवता येत नाही, कारण ती जागा अडलेली असते. मंत्र तीच जागा अडवतो. पण मंत्र तोंडपाठ होऊन घरंगळायला लागला की तोंड एकीकडे आणि मन दुसरीकडे मजेत भांडत बसतं, म्हणून हळू म्हण म्हणतेय. आणि म्हणून मोठ्याने सुरू कर. वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगतात, म्हणजे ऐकू येईल असा, नुसते ओठ हलतील असा आणि मनातला, त्यात मानस सगळ्यात श्रेष्ठ असं ऐकलं की सगळे थेट तिथेच उडी मारतात आणि पाचव्या मिनिटाला पेंगतात. मी अजूनही दमलेली असेन तर मोठ्यानेच म्हणते.

मन भरकटणारच, अर्ध्या माळेला कळेल की आपण मघापासून उद्याच्या मीटिंगमध्ये आहोत. हरकत नाही, बोटाखाली जो मणी असेल तिथून पुढे चालू. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन 1970 च्या दशकात लोकांना एखादा साधा शब्द घ्यायला सांगायचे आणि लक्ष गेलं तर ‘बरं, असू दे’ म्हणून परत यायला. मला त्यातलं हे असू दे फार आवडतं, आपण तिथेच स्वतःला शिव्या घालतो.

चार मंत्र का गं पण? दर आठवड्याला नवा व्हिडिओ, नवा मंत्र, पैशाचा वेगळा, झोपेचा वेगळा. एक धर. देवाचं नाव जवळचं वाटत नसेल तर सोहम् घे, श्वास आत येताना सो, बाहेर जाताना हं, अर्थ ‘तो मीच’. पतंजलींनी जपाच्या जोडीने अर्थाची भावना सांगितलीय, म्हणजे ज्याच्या अर्थापाशी तुला थांबावंसं वाटेल असा घे, ट्रेंडिंग आहे म्हणून नको.

आणि तू जे विचारलंस ना, ‘आनंद कधी वाटायला लागतो’, त्याचं खरं सांगते. आईचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेर खुर्चीवर बसून जप करत होते, आणि मध्येच लक्षात आलं की माझा वेग वाढलाय, मी जप नाही सौदा करतेय, एवढ्या माळा घे आणि तिला बरं कर. थांबले. मणी घामाने चिकट झाला होता. मग एकेक अक्षर सुटं म्हटलं, श्री, रा, म. आनंदबिनंद काही झाला नाही, भीती होती तेवढीच होती. पण डॉक्टर बाहेर आल्यावर ते काय बोलले ते मला पूर्ण ऐकू आलं, कुठली गोळी कधी ते सुद्धा, बाजूला भाऊ उभा होता त्याला एक शब्द आठवत नव्हता. आनंद त्यानंतर कधीतरी यायला लागला, असाच, कपडे वाळत घालताना वगैरे, जपाच्या वेळी क्वचितच.

झोप आणि जेवण दोन आठवडे बिघडलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल तर मात्र आधी डॉक्टरकडे जा, जप त्याच्या जोडीला. आणि ऑफिसात कोणी अन्याय करत असेल तर तो गिळायला मंत्र वापरू नकोस, जाऊन बोल.

उद्यापासून ॲप काढून टाक. सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी माळ घे, अंगठा आणि मधलं बोट, एकच माळ. मेरुमणी, म्हणजे माळेच्या गाठीपाशी असतो तो वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, आणखी करावंसं वाटलं तर माळ उलटी फिरवायची, नाही वाटलं तर ठेवून दे आणि दोन मिनिटं तशीच बस. महिनाभराने फोन कर, आकडा सांगू नकोस.