परदेशी विद्यार्थ्यांना ऑनलाइन मराठी शिकवताना सुरुवातीला दर किती ठेवावा?

शिकवणीच्या प्लॅटफॉर्मवर नव्याने नाव नोंदवताना परीक्षणे मिळेपर्यंत दर कमी ठेवावा का, आणि कमिशन व कर वजा जाता हातात काय उरते, असे आपण विचारले आहे. दर कमी ठेवू नका. मी ताशी 5 डॉलरने सुरुवात केली होती आणि त्या आकड्यातून बाहेर पडायला मला दीड वर्ष लागले.

प्रेप्ली या शिकवणीच्या प्लॅटफॉर्मवर नव्या विद्यार्थ्याच्या चाचणी तासाचे सगळे शुल्क कंपनी ठेवते, पुढे कपात 33 टक्क्यांपासून सुरू होते आणि 400 हून अधिक तास शिकवल्यावर 18 टक्क्यांवर येते. आयटॉकी हा असाच दुसरा प्लॅटफॉर्म 15 टक्के घेतो. मी ज्या प्लॅटफॉर्मवर आहे तेथे 5 डॉलरांपैकी साडेतीनही माझ्या हाती पडत नसत. तरीही माझे अधिक नुकसान कशाने झाले असेल, तर तयारीला लागणाऱ्या वेळेची किंमत मीच शून्य धरली होती, त्याने.

माझी एक विद्यार्थिनी जर्मन आहे आणि तिचे सासर सातारा जिल्ह्यात आहे. एकदा सुट्टीत ती सासूबाईंना म्हणाली, "आई, आम्ही उद्या महाबळेश्वरला जाऊ." दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई तयार झाल्याच नाहीत, कारण त्या 'आम्ही'मध्ये त्या नव्हत्या. जर्मन भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' या दोहोंसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे आपले काय चुकले हे त्या मुलीला कळेना आणि पुढच्या तासाला ती अगदी रडवेली होऊन आली. शाळेत अकरा वर्षे मराठी शिकवूनही हा फरक समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. दोन रात्री बसून मी तिच्याच स्वयंपाकघरातल्या, प्रवासातल्या वाक्यांच्या चोवीस जोड्या तयार केल्या. त्याच शोधात मला असेही आढळले की आपण 'मला थंडी वाजते' म्हणतो, तसेच जर्मन माणूस 'मीर इस्ट काल्ट', म्हणजे 'मला थंड आहे' असे म्हणतो, आणि लिंगेही त्यांच्याकडे आपल्यासारखी तीनच आहेत. त्या दिवसापासून मी तिला मराठी तिच्या भाषेच्या आधाराने शिकवू लागले आणि तीन महिन्यांत ती सासूबाईंशी दुभाष्याविना बोलू लागली.

तिनेच मला नंतर सांगितले की माझा दर पाहून ती पहिल्यांदा पुढे निघून गेली होती, कारण इतक्या स्वस्तात शिकवणारी व्यक्ती शिक्षक असेल असे तिला वाटले नव्हते.

माझा थोरला भाऊ अनुदानित शाळेत गणित शिकवतो. 'आपलीच भाषा तर बोलायची, त्याला कसले आले आहे कौशल्य, 5 डॉलर खूप झाले,' असे तो म्हणत असे, आणि मी तेव्हा गप्प बसले. भाषा बोलता येणे आणि ती दुसऱ्याला शिकवता येणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने 'आपण' आणि 'आम्ही' यांतला भेद परक्या माणसाला समजावून पाहिला आहे त्यालाच कळते. मराठीची किंमत मराठी माणसानेच अशी पाडली, तर बाहेरचे लोक ती वाढवून देणार नाहीत.

करासंबंधी थोडक्यात सांगते. परदेशातून आलेली रक्कमही उत्पन्नच असते आणि ती विवरणपत्रात दाखवावी लागते. पुढचा तपशील सनदी लेखापालाला विचारावा. जर्मनीतील विद्यार्थी असतील तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे बदलतात, तेव्हा तासांच्या वेळा आधीच पक्क्या करून घ्याव्यात.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मी दर 5 वरून 14 डॉलर केला तेव्हा सुमारे सात आठवडे एकही नवा विद्यार्थी आला नाही, आणि घरात पतीचा पगार होता म्हणूनच मला थांबणे शक्य झाले. आपल्या घरी तशी सोय नसेल तर पहिल्या दहा-बारा तासांपुरता दर थोडा उतरवा, परंतु तो कोणत्या तारखेला वाढवणार हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी लिहून कळवा.