अर्ज पाठवण्याआधी

प्रिय बाळ,

कलाकारांना व्यवसाय उभा करायला शिकवणाऱ्या त्या कार्यक्रमासाठीचा तुझा अर्ज वाचला. 'मला माझा ब्रँड उभा करायचा आहे' हे पहिलंच वाक्य काढून टाक. त्याजागी लिही: गेल्या वर्षी किती लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं) छापले, किती विकले, कागद-शाई-फ्रेमवर किती गेले. अशा निवड समितीत मी दोनदा बसलेय. स्वप्नं सगळ्यांचीच छान असतात गं. हिशेब एखादीच आणते.

दांडिया बाजारातल्या आपल्या घरांत 'कलावंतानं पैशाचं बोलू नये' हे बाळकडूच. आणि ते कुठे, तर बडोद्यात! सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडून राजवाड्यासाठी पौराणिक चित्रं करून घेतली. पुढे १८९४ मध्ये त्यानं मुंबईत स्वतःचा छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणली. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत जाऊन बसल्या, छापखाना मात्र कर्जात रुतला आणि शेवटी तिथल्याच श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. हाताला काय कमी होतं त्याच्या?

म्हणून कार्यक्रमवाल्यांना विचार, हिशेब नि करार कोण शिकवणार? जीएसटीपासून पहिल्या घाऊक ग्राहकापर्यंत सोबत करणार, की शेवटी एक प्रमाणपत्र नि फोटो? आणि तिथे केलेल्या डिझाइनवर हक्क कोणाचा? हे लेखी घे.

हक्काचं मी ठेच खाऊन शिकले. एका हॉटेलानं माझ्याकडून पेंटिंग करून घेतलं आणि पुढच्या दिवाळीत त्याची कॅलेंडरं वाटली. भांडायला गेले, तर वकील म्हणाले, १९५७ चा कॉपीराइट कायदा बघा: पैसे देऊन, सांगून करून घेतलेल्या पेंटिंगचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, करून घेणाऱ्याचा. एक ओळ लिहून घेतली असती तर! हक्क तूच लिहून देणार असशील तर मुदत नि प्रदेश घालायला विसरू नकोस. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर सगळा भारत.

किमतीचं म्हणशील, तर फाइन आर्ट्स कॉलेजच्या मेळ्यात ज्या भावानं तू छापील पिशव्या विकल्यास, तो भाव विसर. त्यात तुझे तास नव्हतेच, मैत्रिणींचेही नव्हते. पिशवीमागे किती वेळ गेला ते घड्याळ लावून मोज.

रविवारी ये. बिलांचा तो बुटाचा खोका घेऊन ये, आणि जेवायलाच ये.

तुझी,
मावशी