टेलिकॉमचं अर्थशास्त्र शिकायचंय, पण बारावीला गणित नव्हतं

पत्र : मुलगी सांगलीत टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय अर्थशास्त्र. मोबाइल कंपन्यांची स्पर्धा आणि ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नियम यावर संशोधन करायचं म्हणते. यात नोकरी मिळते का? बारावीला तिला गणित नव्हतं. – एक आई

नमस्कार ताई,

नोकऱ्या आहेत, पण मोजक्या : ट्राय, स्पर्धा आयोग, धोरण-संशोधन संस्था, कंपन्यांचे रेग्युलेटरी विभाग. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रात पदव्युत्तर पदवी लागते. त्यामुळे टेलिकॉमचा वेगळा डिप्लोमा शोधू नका, भक्कम एम.ए. किंवा एम.एस्सी. हवं. पुण्याची गोखले संस्था आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था जरूर पाहा. काही ठिकाणी बारावीच्या गणिताची अट असते, म्हणून अर्जाआधी पात्रता नीट वाचा.

खरी अडचण गणिताचीच आहे, आणि ती भरून काढता येते. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, संभाव्यता रोज दोन तास, वर्षभर. स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल लहरींचा, लिलाव समजायला गेम थिअरी (स्पर्धकांच्या डावपेचांचं गणित) लागते, दरांवरचा परिणाम मोजायला इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारीचं संख्याशास्त्र). त्यात पाठांतर चालत नाही.

सोबत एक काम आजच सुरू करू दे. ट्राय सर्कलवार, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागांनुसार, ग्राहकसंख्या दर महिन्याला जाहीर करतं. महाराष्ट्र सर्कल घेऊन बाजार किती एकवटलाय ते तिने काढावं : प्रत्येक कंपनीच्या टक्केवारीचा वर्ग करून बेरीज. समजा वाटे ४०, ३३, १९ आणि ८ टक्के आहेत, तर १६०० + १०८९ + ३६१ + ६४ = ३११४. चौघांचे वाटे सारखे असते तर २५०० आले असते; आकडा जितका मोठा, तितका बाजार एकवटलेला.

इथे हमखास दोन चुका होतात. या सर्कलमध्ये गोवा येतं आणि मुंबई वेगळी असते. ग्राहकसंख्येला राज्याच्या लोकसंख्येने भागलं की आकडा बिघडतो. दुसरं, एकूण ग्राहकांत पडून असलेली सिमही धरलेली असतात. म्हणून व्हीएलआरचा, म्हणजे चालू सिमचा, आकडा घ्यावा.

पुढचा प्रश्न कठीण, पण फार सुंदर आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. १ ऑक्टोबर २०१७ पासून दुसऱ्याच्या नेटवर्कवर कॉल उतरवण्याचं शुल्क मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आलं. मग दर घसरले ते नव्या स्पर्धकामुळे किती आणि नियमामुळे किती? नुसता आधीचा-नंतरचा आलेख काढून हे कळत नाही. दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. ते वेगळे काढण्याची रीत शिकणं हाच या क्षेत्राचा अभ्यास.

ट्रायच्या सल्लामसलत-पत्रांवर कोणीही लेखी मत पाठवू शकतं. एका पत्रातला एकच प्रश्न निवडून तिने दोन पानी, आकड्यांसह टिपण पाठवावं. प्रवेशाच्या मुलाखतीत ते दाखवता येईल.